एक खाली, एक वर

रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

पोचले बाई एकदाची! कराडहून सकाळी सहाची गाडी, ती सुटली सहा बावीसला. माझ्याच स्टँडवरून, मी आत बसलेली असताना, बावीस मिनिटं लेट. खिडकीतून डोकं काढून चौकशीतल्या दीपिकाला दोन शब्द सुनावणारच होते, पण तिनं आधीच माइकवरून "शालनताई, सुट्टी मजेत घालवा" असं अख्ख्या स्टँडला ऐकवलं आणि माझी बोलतीच बंद झाली. फलाटावरच्या शेंगदाणेवाल्यानंही हात केला.

नवी वही आहे, तर ओळख करून द्यायला हवी. मी शालन, वय सत्तेचाळीस, कराड स्टँडवर वाहतूक नियंत्रक. बावीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसून लोकांना ओरडून सांगते की तुमची गाडी कुठं लागली आहे. चुकलेल्या पोरांची नावं पुकारते, विसरलेल्या पिशव्या पुकारते. घरी आई होती, अकरा वर्षं अंथरुणावर. दिवसा शेजारच्या मावशी असायच्या, बाकी सगळी मी. जूनमध्ये आई गेली. तेव्हापासून घरात मी एकटी, आणि फ्रीज.

हे समुद्राचं खूळ कुठून आलं? खिडकीत कुणीतरी एक कागद विसरून गेलं होतं. मालवणजवळ फ्रीडायव्हिंग शिकवतात, नवशिक्यांसाठी, पाच दिवस. पाठीवर नळकांडं नाही, काही नाही. छातीत एक श्वास भरायचा आणि दोरीला धरून खाली जायचं. खाली बोलता येत नाही, हे वाचून मला इतकं बरं वाटलं की त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला. दीपिका म्हणाली की या वयात बायका अष्टविनायक करतात. मी म्हटलं, तिथंही रांगेत बोलावंच लागतं.

वाटेत तळेऱ्याला चहा घेतला. आमच्या गाडीचा कंडक्टर मोठा शिस्तीचा, प्रत्येक थांब्यानंतर माणसं मोजायचा. मोजताना माझ्याकडे बोट करायचा तेव्हा मी उगाचच ताठ बसायचे.

मुक्काम मालवणच्या उत्तरेला, एका लहानशा वाडीत, सुशीलाकाकींकडे. पासष्टीच्या असतील, एकट्याच राहतात. खोलीतून माड दिसतात, माडांमागे खडपं, म्हणजे पाण्यातले खडक, आणि मग नुसता समुद्र. जेवायला बांगड्याचं तिखलं, भाकरी, सोलकढी. काकींनी माझं नाव विचारलं आणि स्वतःशी दोन-तीनदा म्हणून बघितलं. घरात आपलं नाव ऐकून किती दिवस झाले होते! मला एकदम भरून आलं. तिखल्याचं निमित्त करून डोळे पुसले.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आज कोरडा वर्ग. शिकवणारा समर्थ, इथलाच, पस्तिशीचा, खांदे हे एवढे. पर्यटकांशी अगदी पुस्तकी मराठी बोलतो आणि दर वाक्याला "बरं का" लावतो. विद्यार्थी तीन: मी, आणि ठाण्याचं एक नवं जोडपं, मितेश आणि दिव्या. दोघं एकमेकांना इतकी चिकटलेली की त्यांना श्वास रोखायचा सराव वेगळा नको.

चटईवर उताणं पडून पोटातून श्वास घ्यायला शिकलो. भराभरा श्वास घ्यायचे नाहीत, त्यानं माणूस गाफील होतो आणि पाण्यात शुद्ध जाते. नाक चिमटीत धरून कान मोकळे करायचे. हे सगळं मला बरं जमलं. कराड ते बेळगाव सगळे थांबे एका दमात म्हणणारी बाई आहे मी.

मग नियम. पहिला आणि शेवटचा नियम एकच, असं समर्थ म्हणाला: एक खाली, एक वर. कुणीही एकट्यानं बुडी मारायची नाही. एक जण खाली गेला की दुसऱ्यानं वर थांबायचं, पाण्यावरून नजर हलवायची नाही. खाली गेलेला वर आल्यावरसुद्धा तीस आकडे होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचं, कारण शुद्ध बहुतेकदा वर आल्यावरच जाते.

इथं या वाडीची एक जुनी रीतही आहे. होडीचा नांगर खडपात अडकला की एक जण तो सोडवायला बुडी मारतो आणि दुसरा काठावर नुसता बसून राहतो. त्याला 'हाकेचो माणूस' म्हणतात. बुडी मारणाऱ्याचं डोकं वर दिसताक्षणी त्यानं नावानं हाक मारायची, आणि वर आलेल्यानं म्हणायचं, "आसंय." म्हणजे मी आहे. तोपर्यंत तो वर आला असं कुणी धरत नाही. समर्थनं ती रीत कोर्समध्ये तशीच ठेवली आहे. आणखी एक गोष्ट त्यानं हसत हसत सांगितली, की हाक वरूनच यायला हवी. खालून आली तर ओ द्यायची नाही. मितेशनं विचारलं, खाली कोण हाक मारणार? समर्थ म्हणाला, पाण्यात कान वाजतात, बरं का.

जोड्या लावल्या. मितेशची दिव्या, दिव्याचा मितेश. मी उरले. माझ्या वरती समर्थ स्वतः थांबणार आहे. उरण्याची मला सवय आहे, त्यामुळे तोंड वाकडं केलं नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

खडपांच्या मध्ये कमरेएवढं पाणी साठतं, तिथं तोंड पाण्यात घालून तरंगायचं. दोन मिनिटं पाच सेकंद! दिव्या एक दहावर, मितेश पन्नास सेकंदांत खोकत उभा. समर्थनं हाक मारली, "शालनताई!" मी डोकं वर काढून म्हटलं, "आसंय." तिघांनी टाळ्या वाजवल्या. अशी मजा मी शाळेनंतर केली नव्हती.

संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळेला काकी पदर खोचून खडपावर गेल्या आणि समुद्राकडे तोंड करून हाक मारू लागल्या, "धनेशाऽऽ!" पाच-सहा वेळा. मग थोडा वेळ थांबल्या, परत आल्या आणि भात टाकला. मला वाटलं मुलगा होडीवर असेल. विचारलं तर त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

समर्थनं सांगितलं. धनेश काकींचा एकुलता एक मुलगा, समर्थचा जिवलग. आठ वर्षांपूर्वी तो नांगर सोडवायला खाली गेला आणि समर्थ हाकेचा माणूस होता. धनेश वर आला. समर्थनं त्याचं डोकं बघितलंही. पण तेवढ्यात फोन वाजला आणि त्यानं मान वळवली. पुन्हा बघतो तर पाणी सपाट होतं. देह मिळाला नाही. सांगताना समर्थच्या तोंडून एकदाही "बरं का" आलं नाही. तेव्हापासून पाण्यावर जाताना तो फोन घरी ठेवतो.

बिचाऱ्या काकी. आठ वर्षं रोज हाक मारायची म्हणजे काय! माझी आई अकरा वर्षं मला हाक मारायची. दर पाऊण तासानं आतून आवाज यायचा, "शाले, हायस का गं?" काही हवं असायचंच असं नाही. मी नुसतं "हाय, हाय" म्हटलं की गप्प. झोपेतसुद्धा माझ्या तोंडून "हाय" निघायचं. किती वैतागायचे मी! आता पाऊण तास झाला की कान टवकारतात आणि काही येत नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज दोरी. जरा सविस्तर लिहिते, कारण मला ते नीट समजलेलं नाही.

होडीनं खडपांच्या पलीकडे गेलो. पाण्यावर लाल बोया, त्याला दोरी, दोरीच्या टोकाला वजन आणि पांढरी चकती. पाणी इतकं नितळ की चकती वरून दिसत होती. पहिल्यांदा पाच मीटर. हातावर हात टाकत दोरी ओढत खाली, कान मोकळे, वळून वर. "शालनताई!" "आसंय." दुसऱ्यांदाही तसंच.

तिसऱ्यांदा आठ मीटर. खाली गार होतं आणि फार शांत. मी चकतीला हात लावला आणि वळणार एवढ्यात ऐकलं, "शाले, हायस का गं?"

कान वाजले नव्हते. तीच हाक. शेवटच्या "गं"वर दम संपायचा तिचा, तोसुद्धा तसाच. मी विचार केलाच नाही. अकरा वर्षांची सवय, हात आपोआप चालला. तोंड उघडता येत नव्हतं म्हणून मी दोरीला दोन हिसके दिले. हाय, हाय.

खालून दोरीला दोन हिसके परत आले.

वर आले तेव्हा मी मास्कमध्ये रडत होते, आणि खरं सांगायचं तर आनंदानं. समर्थ माझ्यासमोर होता, त्यानं तोंड उघडलंच होतं. पण मागून दिव्या ओरडली, तिच्या नाकातून रक्त आलं होतं. समर्थनं मान वळवली. मी बोयाला धरून थांबले. दिव्याचं बघून झालं, सगळे होडीत चढले, मीही चढले. हाक राहूनच गेली.

कुणाला काही सांगितलं नाही. काय सांगू? की माझी आई मालवणला आठ मीटरवर आहे?

गुरुवार, २० नोव्हेंबर

सकाळी वर्गाला पाच मिनिटं उशिरा गेले तर होडी निघालेली. मी काठावरून हाका मारल्या, स्टँडवरच्या आवाजात, आणि तो आवाज तीन फलाट पलीकडे जातो. कुणी वळून बघितलं नाही. पोहत गेले, तसं लांब नाही. बोयाजवळ पोचले तर समर्थ त्या दोघांनाच काहीतरी समजावत होता. मी माफी मागितली. मितेश माझ्या आरपार बघत, काच धुरकट होऊ नये म्हणून मास्कवर थुंकला आणि मास्क धुतला. आताच्या पोरांना रीतभात म्हणून नाही.

माझी पाळी आली की कुणीतरी सांगेल म्हणून थांबले. कुणी सांगितलं नाही, तेव्हा आपली आपण गेले. आठ मीटर. हाक आली. मी दोरी हलवली, ती परत हलली. वर आले तेव्हा समर्थ दिव्याकडे बघत होता.

दुपारी चहाच्या टपरीवर चार वेळा चहा मागितला. टपरीवाल्यानं माझ्या मागच्या माणसाला दिला. मी खूप चिडले, तोंडाला येईल ते बोलले. तो रेडिओचा आवाज वाढवून गाणं म्हणत राहिला.

काकींनी मात्र रात्री पान वाढलं. माझ्याकडे बराच वेळ बघत बसल्या होत्या.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

कोर्स संपला. समर्थनं प्रमाणपत्रं दिली. दोन. मी हात पुढं करून उभी होते. तो त्या दोघांना म्हणाला की या बॅचला तुम्ही दोघंच होतात म्हणून जास्त वेळ देता आला, बरं का.

मी त्याचा दंड धरून हलवला. त्यानं दंड चोळला आणि वारा गार सुटलाय म्हणाला.

तिघांनी फोटो काढला. मी कडेला उभी राहिले होते. दिव्यानं फोटो मितेशला दाखवला तेव्हा मी मागून डोकावले. तीन माणसं, मागे समुद्र.

दीपिकाला फोन लावला. तिनं उचलला. मागे स्टँडचा गलका ऐकू आला, पंढरपूर गाडी तीन नंबरला लागली होती. मी म्हटलं, दीपिका, मी शालन, माझं नाव घे, एकदा नुसतं शालन म्हण. ती म्हणाली, हॅलो, हॅलो, कोण बोलतंय, नुसता पाण्याचा आवाज येतोय. आणि ठेवला.

बुधवारच्या त्या तिसऱ्या बुडीपासून वरच्या कुणीही मला नावानं हाक मारलेली नाही. आत्ता बसून आठवलं. एकानंही नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

समर्थ खडपावर दोरी गुंडाळत होता. त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, समर्थ! त्यानं ऐकलं. पण माझ्याकडे नाही बघितलं, पाण्याकडे बघितलं. चेहरा पांढराफटक. "धनेश?" असं हळूच म्हणाला, दोरी तिथंच टाकली आणि घराकडे पळाला.

काकींना सगळं सांगितलं. त्यांना मी दिसते. ऐकूही येते. आठ वर्षं त्यांचे कान त्याच बाजूला लागलेत म्हणून असेल.

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. "खाली ओ दिलंस काय गो?"

मी हो म्हटलं. दोनदा दिली. बुधवारी आणि गुरुवारी.

"आणि वर?"

वर हाक आलीच नाही, म्हटलं.

काकींनी सूप बाजूला ठेवलं. शांतपणे समजावलं, जसं कुणाला गाडी चुकली की मी समजावते. जिथं ओ दिली तिथं मी आहे. खालच्या दोरीला मी सांगितलं की आहे, वरच्या कुणाला सांगितलंच नाही. म्हणून वरचे मला धरत नाहीत. त्यांचा धनेशही तसाच. वर आला होता, पण हाक मिळाली नाही. उपाय एकच. पुन्हा एकदा खाली जायचं, ओ द्यायची नाही, काही झालं तरी द्यायची नाही, आणि वर येताक्षणी कुणीतरी नावानं हाक मारायला हवी.

"वर तुझा कोण आसा?" त्यांनी विचारलं.

मी खूप विचार केला. कुणी नाही. सत्तेचाळीस वर्षं झाली, आणि वरून हाक मारायला माझं एकही माणूस नाही. मी ओक्साबोक्शी रडले.

काकींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांचा हात मला लागला, गरम. "भिया नको. मी मारतंय हाक."

रविवार, २३ नोव्हेंबर

आधी पळून जायचा प्रयत्न केला. लाज वाटते, पण केला.

सकाळची कोल्हापूर गाडी. शेवटच्या सीटवर बसले. कंडक्टर तिकीट द्यायला आलाच नाही. कणकवलीनंतर त्यानं माणसं मोजली. एकतीस म्हणाला आणि कागदावर लिहिलं. मी मोजली, बावीस वर्षं मोजते आहे. बत्तीस होती. पुन्हा मोजली. बत्तीस, मला धरून.

मला धरलं नव्हतं. एस.टी.च्या कंडक्टरनं, माझ्याच खात्याच्या माणसानं, मला धरलं नाही.

मग छाती भरायला लागली. तळेऱ्याला उतरले, वाकले, आणि तोंडातून पाणी आलं. खारट. थांबेचना. चहाच्या त्याच टपरीसमोर, लोक माझ्या अंगावरून जात होते. परतीच्या गाडीत बसल्यावर श्वास मोकळा झाला. एक बाई माझ्या मांडीवर टोपली ठेवून मालवणपर्यंत झोपली.

समुद्र दिसला आणि आत आवाज आला, शाले, हायस का गं. आता पाण्यात जावंही लागत नाही.

ओ दिली नाही. जीभ चावून धरली.

एक गोष्ट लिहायला हवी, आजवर कुणाला सांगितली नाही. चौदा जून. दुपारी ड्युटीवरून येऊन पडले होते. आईनं हाक मारली. मी जागी होते. पुन्हा मारली. मी भिंतीकडे तोंड केलं. म्हटलं एकदा, एकदाच, नाही देणार ओ. पाच वाजता चहा घेऊन गेले तर —

अकरा वर्षांत ती एकच चुकली.

काकींकडून माझं नाव म्हणवून घेतलं. शालन. तीनदा. उद्या सकाळी जायचं आहे. काकी स्वतः होडी वल्हवणार आहेत. वही आणि पेन्सिल प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन जाते. नोंद राहिली पाहिजे, कुणी वाचो न वाचो.

सोमवार, २४ नोव्हेंबर

स. ७.१०. काकी सकाळपासून स्वयंपाकघरात आहेत. सुरमई तळली आहे. मी सुरमई खात नाही, त्यांना माहीत आहे. पान एकच मांडलं आहे.

स. ७.४०. होडीत. समुद्र शांत. काकींनी नवं लुगडं नेसलंय. माझ्याशी बोलत नाहीत. ओठ हलतायत. सराव करत असतील माझ्या नावाचा.

स. ७.५५. बोया. वर आल्यावर अंग पुसायला काकींनी पिशवी आणली आहे. टॉवेल हवा म्हणून उघडली. टॉवेल आहे. त्याखाली घडी केलेली पँट. चौकड्यांचा शर्ट, इस्त्रीचा. दाढीचं सामान.

काकी, हे कुणाचे कपडे, विचारलं. दोनदा. काकी पाण्याकडे बघतायत. मी ऐकू येत नाही त्यांना. सकाळपासूनच येत नसावं.

आता त्यांचे ओठ नीट दिसतायत. शालन नाही. धनेशा. धनेशा. धनेशा.

एक खाली, एक वर. समर्थनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी खाली, तेव्हाच तो —

राग येत नाही. आई आहे ती. आठ वर्षं. मी तिच्या जागी असते तर इस्त्री केली असती की नाही? केली असती.

नाही जाणार. पाण्यात पाय घालणारच नाही. इथंच बसून राहीन. कधीतरी कुणी पर्यटक, कुणीही, माझं नाव —

कोण घेणार? कुणाला माहीत आहे?

स. ८.०५. दोरी हलते आहे. दोन हिसके. थांबून दोन.

शाले, हायस का गं

ओ देणार नाही. कानात बोटं घातली. तरी येतंय. दम लागलाय तिला. तसाच, त्या दुपारसारखा —

शाले

काकी, एकदा हाक मारा हो. शालन म्हणा. एकदाच. मी इथंच आहे, तुमच्या पुढ्यात बसले आहे. काकी —

वरून कुणी नाही

शाले, हायस का

तिसरी हाक. त्या दिवशी तिसरी आलीच नव्हती. दोनच आल्या, आणि मी जागी होते, मी जागी होते गं, आई

हाय. हाय गं. आले. मी हा—